मोटर जळाली असणार

आपल्याकडे घरात काहीही बंद पडलं की निदान एकच असतं : मोटर जळाली. पंखा फिरेना, मोटर जळाली. मिक्सर गुरगुरून गप्प झाला, मोटर जळाली. सोसायटीच्या टाकीत पाणी चढलं नाही, पंपाची मोटर जळाली. (यातलं शेवटचं कधीकधी खरं असतं; एरवी वॉचमनला डुलकी लागलेली असते.) या निदानाची गंमत अशी की ते करायला वस्तूजवळ जावं लागत नाही. सोफ्यावर बसून, पेपरातून मान वर न काढता, चहाचा घोट गिळता गिळता ते जाहीर करता येतं. घरच्या कर्त्या पुरुषांना ते फार आवडतं, कारण त्यानंतर काहीच करावं लागत नाही. मोटर जळाली म्हणजे विषय संपला. सुतक नाही, तेरावं नाही, वस्तू थेट माळ्यावर.

आमच्या घरची विजेची आगगाडी अशीच माळ्यावर गेली होती.

गाडी लायनेल कंपनीची. जोशुआ लायनेल कोवेन नावाच्या गृहस्थाने १९०० साली न्यूयॉर्कमध्ये ही कंपनी काढली. त्याची सुरुवातीची गाडी खेळणं म्हणून बनलेलीच नव्हती. दुकानाच्या दर्शनी काचेमागे ती गरगर फिरत ठेवायची, म्हणजे रस्त्यावरचं गिऱ्हाईक थबकेल आणि आतला माल घेईल, असा बेत होता. गिऱ्हाईक थबकलं, पण माल सोडून गाडीच मागू लागलं. पुढचं सांगायला नको.

आमची गाडी पन्नाशीच्या दशकातली. आजोबांचे धाकटे भाऊ बोटीवर इंजिनियर होते, त्यांनी ती न्यूयॉर्कहून आणली. गिरगावातल्या चाळीत, जिथे रात्री कूस बदलायची तर शेजारच्याला आधी सांगावं लागे, तिथे हे रुळांचं वेटोळं पसरायचं कुठे हा प्रश्न होता. तो गणपतीने सोडवला. दर वर्षी मखराभोवती रूळ मांडायचे आणि गाडीने बाप्पाला प्रदक्षिणा घालायची. त्या दिवसांत चाळीतली पोरं आरतीला वेळेवर हजर असत, ती भक्तीपोटी नव्हे. आरती आटोपती घ्या म्हणून मागून खाकरणारीही तीच.

आणि एका गणपतीत इंजिनाचा पुढचा दिवा लागला, पण गाडी हलेना. थोरल्या काकांनी पाटावर बसल्या बसल्या सांगितलं, ‘मोटर जळाली असणार.’ काका वीज कंपनीत होते. हिशेब खात्यात. पण वीज कंपनीतल्या माणसाने मोटर जळाली म्हटल्यावर चाळीत अपील करणार कोणाकडे? गाडी ट्रंकेत गेली. १९९२ मध्ये मानखुर्दहून खाडी ओलांडून रेल्वे वाशीला आली, पुढे पनवेलकडे सरकत गेली, आणि तिच्या मागोमाग गिरगाव-परळची आमच्यासारखी बिऱ्हाडंही आली. ट्रंक गिरगावच्या माळ्यावरून निघून नेरूळला सिडकोच्या घरातल्या लॉफ्टवर चढली. परवा माझ्या भाचीला शाळेच्या प्रकल्पासाठी ‘काहीतरी जुनं’ हवं होतं म्हणून ती खाली उतरली. भाचीने इंजिन सगळ्या बाजूंनी न्याहाळलं आणि विचारलं, ‘मामा, हिला चार्जिंगचं भोक कुठाय?’

इंजिन काळं, जस्ताचं ओतीव, हातात घेतलं की मनगटाला कळणारं. रूळ तीन. खरी गाडी दोन रुळांवर धावते आणि ही तीनवर का, हा प्रश्न घरी येणाऱ्या प्रत्येकाने विचारला. मधल्या रुळातून वीज येते, इंजिनाच्या पोटाखालचं चाक ती उचलतं आणि बाहेरच्या रुळांतून ती परत जाते. सोबत काळ्या डब्यात ट्रान्सफॉर्मर. त्यावर कोरलेलं : ११५ व्होल्ट, ६० सायकल. आमच्याकडे भिंतीतून येतं २३० व्होल्ट आणि ५० सायकल. म्हणजे तो डबा थेट सॉकेटात घातला असता तर काकांचं निदान कित्येक वर्षांच्या अंतराने खरं ठरलं असतं. चाळीत मध्ये जोडायला एक दुसरा ट्रान्सफॉर्मर होता, तो स्थलांतरात कुठेतरी गेला. लॅमिंग्टन रोडवर असे स्टेपडाउन मिळतात, तिथल्या एका दुकानात फोन लावला. नेरूळहून बोलतोय आणि टॉय ट्रेन आहे म्हटल्यावर दुकानदार उत्साहाने म्हणाला, ‘माथेरानवाली?’ ती नेरळहून सुटते, १९०७ पासून. नेरूळ वेगळं. नेरूळच्या वंडर्स पार्कातही एक छोटी गाडी आहे, पण तिचा आणि माझा संबंध तिकिटापुरता.

इंजिन हॉलमध्ये टीपॉयवर ठेवल्याबरोबर सल्ले सुरू झाले. समोरच्या ब्लॉकमधल्या गृहस्थांनी डब्ल्यूडी-४० चा डबा आणला. हा डबा हल्ली घरोघरी असतो आणि तो ज्याच्याकडे असतो त्याला स्वस्थ बसवत नाही; दिसेल त्या फटीत फवारा मारल्याशिवाय त्याचा हात थांबत नाही. आत्येने खोबरेल सुचवलं. खोबरेलाचा गुण असा की पंचवीस अंशांच्या खाली ते गोठतं, आणि जानेवारीत पहाटे नेरूळलाही ते बाटलीत पांढरं होऊन बसतं. मोटरीच्या बेअरिंगात ते दुसरं काय करणार? एकाने पुण्याला न्यायला सांगितलं. कोथरूडला जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, भाऊसाहेब जोशींनी आयुष्यभराच्या छंदातून उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ पासून लोकांसाठी खुलं. जरूर बघावं असं ठिकाण. पण तिथली दुनिया बारीक मापाची आणि दोन रुळांची. आमचं हे तीन रुळी अमेरिकन धूड तिथे पाहुणा म्हणूनही मावायचं नाही. उरलेल्या सगळ्यांनी इंजिनाकडे एक नजर टाकून, न विचारता, एकमुखाने सांगितलं की मोटर जळाली असणार.

आता नवी मुंबईत दुरुस्तीवाला शोधणं हे एक निराळंच प्रकरण आहे. हे आखून बांधलेलं शहर. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे नवं शहर वसवायची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, आणि मग सेक्टर पडले. शाळेला भूखंड, बागेला भूखंड, देवळाला, दवाखान्याला, बस डेपोला भूखंड. दुरुस्तीवाल्याला भूखंड नाही. नव्या शहरात वस्तूही कायम नव्याच राहतील असा आराखडा करणाऱ्यांचा समज असावा. त्यामुळे आमचा दुरुस्तीवाला नेहमी नकाशाबाहेर भेटतो : जिन्याखाली, मीटर रूमला चिकटून, भाजीवाल्याच्या ताडपत्रीमागे. त्याचा पत्ता सेक्टर आणि प्लॉट नंबराने सांगता येत नाही. ‘रसवंतीच्या बाजूला एक बोळ आहे, तिथे कुणालाही विचारा’ असा सांगावा लागतो.

आमचा जिन्याखाली बसतो. पाटीवर ‘मिक्सर, पंखा, इस्त्री, गिझर’ आणि खाली त्याहून ठळक अक्षरांत ‘उधार बंद’. मूळचा साताऱ्याकडचा, पस्तिशीचा. इंजिन हातात घेऊन त्याने एकदा वजन जोखलं, उलटं केलं, पोटातले दोन स्क्रू काढले, आत डोकावला आणि म्हणाला, ‘काका, ही तर मिक्सरची मोटर आहे.’

मला वाटलं चेष्टा करतोय. पण तो अक्षरशः बरोबर बोलत होता. मिक्सरमध्ये जी मोटर असते तिला युनिव्हर्सल मोटर म्हणतात, आणि लायनेलच्या जुन्या इंजिनातली त्याच घराण्यातली, फक्त कमी व्होल्टेजची. बाहेर स्थिर गुंडाळी, ती फील्ड. आत फिरणारी, ती आर्मेचर. आणि दोन्ही एकामागे एक जोडलेल्या. विजेची दिशा उलटली तर दोन्हींची एकदम उलटते, त्यामुळे फिरायची दिशा तीच राहते. म्हणून ती एसीवर चालते, डीसीवरही चालते. या जातीची मोटर सुरुवातीलाच जोर लावते, नारळाचे तुकडे घातलेलं भांडं म्हणूनच हलतं. आणि ओझं नसलं की सुसाट सुटते. रिकामा मिक्सर किंचाळतो त्याचं कारण हेच. आमच्या गणपतीला प्रदक्षिणा घालणारं यंत्र आणि खोबऱ्याची चटणी वाटणारं यंत्र सख्खी चुलत भावंडं निघाली.

ओळख पटल्यावर त्याने सिरीज बोर्ड ओढला. हा बोर्ड प्रत्येक जिन्याखाली असतो. लाकडी फळी, एक होल्डर, त्यात साठ वॅटचा पिवळा बल्ब, पुढे दोन उघड्या वायरी. वस्तू बल्बच्या रांगेत जोडायची. बल्ब भगभगून पेटला तर वस्तू शॉर्ट, मंद पेटला तर ठीक, पेटलाच नाही तर आत कुठेतरी तार तुटलेली. अर्ध्या शहराच्या इस्त्र्या या एका बल्बवर पास-नापास होतात. हा बल्ब तारेचाच लागतो, एलईडी इथे कामाचा नाही, आणि तारेचे बल्ब हल्ली सहजी मिळत नाहीत. त्यामुळे गल्ल्यातल्या पैशांहून तो त्या बल्बला जपतो. वायरीची टोकं तो इंजिनाच्या चाकांना लावणार इतक्यात मागून आवाज आला, ‘अरे ए, मरायचंय का?’

हे आमच्या बिल्डिंगमधले रेल्वेतले काका. हयात सानपाड्याच्या कारशेडमध्ये लोकलच्या मोटरी उघडण्यात गेली. जिन्यावरून उतरताना उघडी मोटर दिसली आणि ते थबकले. भाजीची पिशवी खाली ठेवली आणि ती तिथेच राहिली. मुद्दा त्यांचाच बरोबर होता. बारा-पंधरा व्होल्टवर चालणाऱ्या वस्तूच्या धातूच्या अंगाला २३० व्होल्टची वायर लावली तर मधल्या बल्बमुळे मोटर वाचेल कदाचित, पण इंजिन हातात धरलेला माणूस नाही. मल्टिमीटर मागवला गेला. मेकॅनिकने तो खणाच्या तळातून काढला. त्याच्यावरची धूळ बघता तो सासऱ्यांनी लग्नात दिलेला असावा.

काका खुर्चीवर बसले आणि त्यांचा तास सुरू झाला. देशातली पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदर ते कुर्ला धावली, ती हार्बर मार्गाने, १५०० व्होल्ट डीसीवर. हार्बरने, हा शब्द ते दोनदा म्हणतात, कारण मेन लाइनवाले हे विसरतात असं त्यांचं दुखणं आहे. आपली हार्बर २०१६ मध्ये २५ हजार व्होल्ट एसीवर गेली, तोवर ते डीसीचं राज्य होतं. जुन्या गाडीच्या प्रत्येक मोटर कोचखाली चार मोटरी, सगळ्या सिरीज जातीच्या, कम्युटेटर आणि कार्बनवाल्या. पावसात रुळांवर पाणी चढलं की लोकल थांबायची ती या मोटरी भिजू नयेत म्हणून. ‘हीच मोटर,’ आमच्या इंजिनाकडे बोट दाखवून काका म्हणाले, ‘फक्त त्या उचलायला क्रेन लागायची.’ जिन्याखाली एक क्षण मोठा मानाचा गेला. मिक्सरवाल्याने लोकलवाल्याकडे आणि लोकलवाल्याने मिक्सरवाल्याकडे नात्यातल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. काकांना मग मेगर हवा झाला. मेगर म्हणजे पाचशे व्होल्टचा झटका देऊन इन्सुलेशन तपासायचं यंत्र. त्यांना त्यातून परावृत्त करण्यात बराच वेळ गेला.

तपासणी मात्र बघण्यासारखी झाली. मागची झाकणपट्टी काढल्यावर दोन नळकांड्या दिसल्या, त्यांत दोन कार्बन, मागे केसाएवढ्या तारेच्या स्प्रिंगा. एक कार्बन घासून नखाएवढा उरलेला. आर्मेचर बाहेर आलं. त्याच्या तोंडाशी तांब्याच्या तीन फाका, हा कम्युटेटर. काकांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्याशी धरला. ‘निरोगी कम्युटेटरचं तांबं चॉकलेटी दिसतं. हे काळं ठिक्कर आहे. आणि फटी बघ.’ फाकांमधल्या बारीक फटींत कार्बनची भुकटी गच्च बसलेली. कार्बन वीज वाहतो, म्हणजे तीन वेगळ्या फाका आतल्या आत एकमेकींशी हातमिळवणी करून बसलेल्या. मेकॅनिकने दात कोरायची काडी घेऊन एकेक फट उकरली. काळी पूड वर्तमानपत्रावर पडत गेली. मग तांबं पुसलं. पॉलिश पेपर घ्यायचा तो अगदी बारीक काचपेपर. एमरी नाही, तिचे कण फटींत अडकले तर परत तीच गत. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा. बाटली करोनाच्या काळातली, सॅनिटायझर करायला आणलेली आणि उरलेली.

मग मीटर. तीन फाकांच्या तीन जोड्या होतात. प्रत्येक जोडीवर दोन टोकं लावायची. आकडा किती येतो हे फार महत्त्वाचं नाही. तिन्ही आकडे सारखे आले पाहिजेत. एक निराळा आला तर ती गुंडाळी गेली. पहिला आला. दुसरा तोच. तिसऱ्याला मेकॅनिकने उगाच थोडा वेळ घेतला. तोच. मग एक टोक तांब्यावर आणि दुसरं मधल्या दांड्यावर : इथे मीटर गप्पच राहायला हवा, राहिला. फील्डची गुंडाळीही शाबूत. लाखेचा रंग मधासारखा, काळेपणाचा ठिपका नाही. काका म्हणाले, ‘ही मोटर जळालेली नाही. ही कधी जळलीच नव्हती.’

मग थोरल्या काकांच्या गणपतीत झालं काय होतं? ते इंजिनाच्या पाठीवरच्या एका इवल्याशा कांडीत दडलेलं होतं. लायनेलच्या इंजिनात दिशा बदलायला एक भाग असतो, त्याला ई-युनिट म्हणतात. रुळांची वीज एकदा तोडून परत दिली की आतलं रीळ एक घर फिरतं. क्रम ठरलेला : पुढे, जागेवर, मागे, जागेवर, परत पुढे. आमच्या सोसायटीची मॅनेजिंग कमिटी पुनर्विकासाच्या बाबतीत याच यंत्रावर चालते. दर सभेत वीज तोडून परत दिली जाते आणि आम्ही एक घर सरकतो, त्यातली निम्मी घरं ‘जागेवर’ असतात. इंजिनात सोय अशी की ती कांडी ओढली तर रीळ आहे त्या घरात अडकून राहतं, म्हणजे गाडी एकाच दिशेने चालवता येते. पण रीळ ‘जागेवर’ असताना कांडी ओढली गेली तर वीज दिव्यापर्यंत पोचते, मोटरपर्यंत नाही. दिवा लागतो, गाडी हलत नाही. नेमकं हेच तर झालं होतं. कांडी त्याच जागी होती. आरतीच्या गर्दीत कुण्या पोराचं बोट लागलं असणार, आणि ते पोर आज कुठेतरी आजोबा असणार. कांडीला कुणी बोटाने मागे ढकललं असतं तर गाडी पुढच्या आरतीला धावली असती.

कार्बन, वाळलेलं तेल, काळं तांबं ही सगळी दुखणी होती खरी. पण त्यांनी गाडी रडतखडत चालली असती. तिला थांबवलं ते त्या कांडीने, आणि माळ्यावर पोचवलं ते निदानाने.

पुढचं काम मिक्सरवाल्याचं. लायनेलचे कार्बन गोल, मिक्सरचे चौकोनी आणि थोराड. त्याने एक चौकोनी कार्बन घेतला आणि जिन्याच्या कोपऱ्यावर काचपेपर ठेवून, बोटांत फिरवत, त्याचे कोने मोडायला सुरुवात केली. मध्येच जुना कार्बन शेजारी धरून बघायचा, मध्येच नळकांड्यात घालून. आत सैल गेला तर डुलतो, घट्ट गेला तर अडकतो. हलकेच टिचकी मारल्यावर आपल्या वजनाने घसरला पाहिजे. कमी व्होल्टेजच्या मोटरींचे कार्बन बहुधा वेगळ्या मिश्रणाचे असतात, त्यांत तांब्याची पूड असते, त्यामुळे मिक्सरचा कार्बन थोड्या ठिणग्या टाकणार हे काकांनी बजावलं. तात्पुरतं चालेल, असा निकाल लागला. घट्ट मेण झालेलं तेल पुसून शिलाई मशीनचं तेल घातलं, दांड्याच्या दोन्ही टोकांना एकेक थेंब. तिसरा थेंब टाकायला निघालेल्या मला दोघांनी एकदम थांबवलं; जादा तेल कम्युटेटरवर उडतं आणि तिथे कार्बनशी मिळून पुन्हा काळा चिखल करतं.

रूळ जिन्याखालीच मांडले. स्टेपडाउन, त्यावर अमेरिकन ट्रान्सफॉर्मर, दट्ट्या हळूहळू वर. ई-युनिट गुणगुणलं, इंजिन दोन इंच सरकलं, थांबलं, बोटाने ढकलल्यावर निघालं आणि भाजीच्या पिशवीला धडकलं. ठिणग्यांचा तो तिखट वास आला. काकांनी डोळे मिटून तो घेतला आणि म्हणाले, ‘सानपाडा शेड.’ मेकॅनिकने मजुरी सांगितली ती मिक्सरच्या कार्बनची, एका पैशाने जास्त नाही. वर सुचवलं की दिवाळीला गाडी त्याच्या काउंटरवर फिरती ठेवली तर गिऱ्हाईक थांबेल. न्यूयॉर्कच्या कोवेनसाहेबांशी त्याची ओळख नव्हती. भाचीच्या प्रकल्पाला बी प्लस मिळाला. शेरा होता, ‘मॉडेल स्वतः बनवलेले हवे.’

तुमच्या माळ्यावर अशी गाडी असेल तर एवढं करा. वायरींचं रबर तडकलं असेल तर आधी वायरी बदला. ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा वाचल्याशिवाय तो भिंतीत घालू नका, आणि अमेरिकन असेल तर स्टेपडाउन लावूनही फार वेळ चालवू नका, आपल्या ५० सायकलवर तो जास्त तापतो. मोटर बाहेर काढून पूर्ण व्होल्टेजवर मोकळी पळवू नका. इंजिनावर कुठे एखादी कांडी, खटका, दट्ट्या आहे का बघा आणि तो दोन्ही बाजूंना हलवून पाहा. आणि कार्बन बदलावे लागले तर जुने कचऱ्यात टाकू नका. नवे घासताना माप त्यांचंच लागतं.